भाऊजी आणि समुद्रातला भाडेकरू

नागपुरात समुद्र नाही, हे मी सगळी नोकरी पोरांना नकाशावर छडी टेकवून शिकवलं. भूगोलाची मास्तरीण होते. इथून कोणत्याही दिशेला निघा, खारं पाणी दिसायला रेल्वेत अख्खी रात्र काढावीच लागते. आणि माझ्या पोटी जन्मलेली मयुरा याच गावात बसून समुद्रातल्या प्राण्यावर पीएच.डी. करते. संत्र्यावर कर म्हटलं, कापसावर कर म्हटलं, निदान अंबाझरी तलावातल्या बेडकांवर तरी कर. नाही. तिला स्पंजच पाहिजे.

स्पंज म्हणजे भांडी घासायचा नव्हे. समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून जन्म काढणारा प्राणी. त्याला डोकं नाही, हृदय नाही, पाय नाहीत. पाणी आत घ्यायचं, त्यातलं खाण्याजोगं ठेवून घ्यायचं आणि उरलेलं बाहेर सोडायचं, एवढाच त्याचा संसार. पळता येत नाही म्हणून शत्रूला लांब ठेवायला तो अंगात जहाल रसायनं बाळगतो. गंमत अशी की त्यातली बरीचशी रसायनं तो स्वतः करतच नाही. त्याच्या अंगात भाड्याने राहणारे जिवाणू ती करून देतात. मयुराकडे हे जिवाणू किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संस्थेतून बर्फात गुंडाळून येतात. ती त्यांना वाढवते, त्यांचा अर्क काढते आणि तो कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघते, पेशी मरतात का. बहुतेक वेळा मरत नाहीत. त्या दिवशी ती घरी येऊन जेवत नाही. जिवाणूंना समुद्राचं पाणी लागतं म्हणून पाकिटातले क्षार मिसळून ही पोरगी बादलीत समुद्र तयार करते. शेजारणी विचारतात, मयुरा काय करते? मी सांगते, खारं पाणी करते.

हे सगळं मला पाठ झालं ते गेल्या मे महिन्यात. त्याला कारण माझे भाऊजी, नानाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, प्रयागबाईचे यजमान. पारशिवनीजवळच्या खेड्यात त्यांची शेती. सत्तरी गाठली तरी माणूस कधी तापाची गोळी मागणारा नव्हता. पण एप्रिलमध्ये हिरड्यांतून रक्त यायला लागलं, शेताच्या बांधापर्यंत, म्हणजे धुऱ्यापर्यंत चालताना दम लागायला लागला, आणि रामदासपेठेतल्या दवाखान्यात तपासणी केली तर रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टर अदिती म्हणून तरुण बाई होत्या, त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. सोमवारपासून इंजेक्शनं सुरू करायची, उशीर करायचा नाही. औषध घेतलं तर माणूस हाती राहण्याची आशा आहे. नाही घेतलं तर पोळ्याच्या सणापर्यंतचंही काही सांगता येत नाही. दोघं नवराबायको बोचकी घेऊन माझ्याकडे राहायला आली. घरात मी आणि मयुरा दोघीच, जागेची काही अडचण नव्हती.

भाऊजी तयार होते. सुई घेऊ, सलाईन घेऊ, केस गेले तर टोपी घालू म्हणाले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग शुक्रवारी संध्याकाळी मयुराने औषधाचं नाव वाचलं आणि आनंदाने तिचं डोकं फिरलं.

ती लॅपटॉप घेऊन भाऊजींच्या पुढ्यात बसली. त्यांना ती मोठे बाबा म्हणते, आमच्याकडे थोरल्या मावशीच्या यजमानांना तसंच म्हणतात. चित्रं दाखवत दाखवत तिने सांगितलं की हे औषध सुचलं ते स्पंजावरून. सत्तरेक वर्षांपूर्वी कुठल्याशा दूरच्या समुद्रात एक स्पंज सापडला, त्याच्या अंगात वेगळीच द्रव्यं निघाली, त्यांचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून हे औषध तयार झालं. आपलं रोजचं काम आपल्याच माणसाच्या उपयोगी पडतंय, म्हणून पोरीच्या चेहऱ्यावर नुसतं चांदणं पडलं होतं. भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, हा स्पंज म्हणजे झाड की काय?

आता इथे कोणीही शहाण्या माणसाने हो म्हणावं. झाड म्हण, वेल म्हण, शेवाळ म्हण. मी डोळे वटारले. पण संशोधन करणाऱ्यांना सूक्ष्मदर्शकातलं दिसतं, आईचे डोळे दिसत नाहीत. मयुरा अभिमानाने म्हणाली की लोकांना वाटतं झाड, पण खरा तो प्राणी आहे.

भाऊजींनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "मंग मले नाही जमत," ते म्हणाले, आणि उठून बाल्कनीत जाऊन बसले.

या माळेचं सांगायलाच हवं. भाऊजी आमचे जावई झाले तेव्हा मासे खाण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या पारशिवनी तालुक्यात कोणी नव्हता. पेंचच्या रोहूचं डोकं असं साफ करत की मांजराने लाजून जावं. मग एक वर्षी गावात सप्ता झाला, चारपाच जणांनी माळ घातली, त्यांत हेही. बाकीच्यांच्या माळा बघता बघता खुंटीवर गेल्या. भाऊजींची गळ्यात राहिली, चाळीसेक वर्षं झाली असतील. कोणी म्हणे कीर्तनकाराने भारलं, कोणी म्हणे मूळव्याध झाली असेल. त्यांना विचारलं की उत्तर एकच, अशीच घातली. मी पडले मेव्हणी, थट्टा हा माझा हक्क. दर दिवाळीला मी विचारायची, भाऊजी, स्वप्नात तरी मच्छी येते का? ते हसून पानाला चुना लावत बसायचे.

बाईने मात्र काही सोडलं नाही. बाई म्हणजे माझी प्रयागबाई, थोरलीला आम्ही बाईच म्हणतो. माळ त्यांची होती, तिची नव्हती. अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तिचं कालवण शिजायचं आणि ती तिथेच पाट टाकून काटे वेचत निवांत जेवायची. आणि मासे आणून कोण द्यायचं? भाऊजी. धरणावर जायचे, ताजे बघून घ्यायचे आणि पिशवी अंगापासून हातभर लांब धरून गावातून चालत यायचे. असा माळकरी मी दुसरा पाहिला नाही.

तर सोमवारच्या इंजेक्शनाला दोन दिवस उरले आणि भाऊजी अडून बसले. शनिवारी सकाळी मी डॉक्टर अदितींना फोन लावून दिला. त्यांनी समजावलं की औषध कारखान्यात बनतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यात कोणता प्राणी नसतो. भाऊजी हो म्याडम, हो म्याडम करत राहिले आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, पाहू. आमच्या भागात पाहू म्हणजे नाही. त्यांचं म्हणणं असं, काल तो प्राणी होता, आज मी नाही म्हटल्यावर कारखाना झाला. उद्या अजून अडून बसलो तर तुळशीचा काढा होईल. तसा त्यांचा तर्क बिनतोड होता, म्हणून मला जास्त राग आला.

मग मयुरा सरसावली. तिने मुळातून सुरुवात केली. स्पंज हा नुसता घरमालक, खरी करामत आतल्या जिवाणूंची असते, असं अलीकडे बऱ्याच द्रव्यांच्या बाबतीत दिसून येतंय. तुमच्या तुरीच्या मुळांवर गाठी असतात, त्यात जिवाणू राहतात आणि झाडाला खत करून देतात, तसंच हे. भाऊजी एकदम खुलले. पेरणीच्या आधी बियाण्याला जिवाणूचं पाकीट चोळणारा माणूस, त्यांना हे लगेच पटलं. म्हणजे मालक नुसता बसून राहतो आणि कामं सगळी भाडेकरू करतो, असं म्हणून ते खूप हसले. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मला आठवला. मालक आणि भाडेकरू यांच्यावर दोघांचं तासभर बोलणं झालं. मयुराने माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

तेवढ्यात भाऊजींनी विचारलं, ते जिवाणू जिवंत राहतात ना?

मयुरा हो म्हणाली.

"मंग तेही जीवच झाले," भाऊजी म्हणाले.

यावर गप्प बसावं की नाही? पण खरं बोलण्याची खोड वाईट. तिने सांगितलं की असं पाहिलं तर दह्यातही जिवाणू असतात, कोट्यवधी असतात, आणि ते तर तुम्ही रोज खाता. भाऊजींच्या हातात ताकाचा पेला होता. त्यांनी पेल्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो पेला हळूच टेबलाच्या त्या टोकाला सरकवला आणि पाणी मागितलं. नागपूरचा मे महिना, बाहेर रस्ता वितळतोय, आणि या माणसाने ताक सोडलं. संध्याकाळी मी इडल्या केल्या तर त्यांनी मयुराला विचारलं, पीठ कशाने फुगतं? तिने तेही सांगितलं. बिचाऱ्यांनी पोळी आणि गूळ खाल्ला.

मी पोरीला आत नेऊन तंबी दिली की सोमवारपर्यंत या घरात तिने एकही खरी गोष्ट बोलायची नाही.

रविवारी सकाळी ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. जिवाणू केवढा बारीक असतो, त्याला ना तोंड ना डोळा, हे एकदा दिसलं की मोठ्या बाबांच्या मनातली अढी जाईल, अशी तिची कल्पना. मीही गेले, कारण मला तिच्या जिभेचा भरवसा उरला नव्हता. सुट्टीमुळे तिथे कोणी नव्हतं. भाऊजींनी बादलीतला समुद्र पाहिला, त्यात बोट बुडवून चाखायला निघाले तेव्हा तिने हात धरला. मग तिने काचेची एक चपटी बशी उजेडात धरली. आत खिरीसारखा थर आणि त्यावर संत्र्याच्या रंगाचे ठिपके. म्हणाली, हे माझे. यांच्या अर्काने बशीतल्या पेशी मरतात, दोनदा मेल्या. पण बशीत मरणं वेगळं आणि माणसात औषध म्हणून चालणं वेगळं. याला कितीतरी वर्षं लागतील, किंवा कधीच काही होणार नाही.

भाऊजींनी त्या बशीला हात जोडले. विद्यापीठाच्या त्या खोलीत जिवाणूला नमस्कार करणारा तो पहिलाच माणूस असावा. एवढ्या लांबून लोकांच्या कामाला आला, म्हणाले, आणि मयुराला सांगितलं की उगवो न उगवो, आपण पेरत राहायचं. तिचे डोळे भरले. मलाही वाटलं, आता हो म्हणतील. पण ऑटोत बसल्यावर ते म्हणाले, पोरी, एवढा सुंदर जीव, मी कसा घेऊ? घरी येईपर्यंत मयुरा रस्त्याकडे तोंड करून रडत होती.

पोरगी रडली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. बाई स्वयंपाकघरात सांभार निवडत बसली होती. सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, पुण्याच्या पाहुण्यांना हे दर वेळी सांगावं लागतं. भाऊजी कूलरसमोर पाय पसरून बसले होते. मी खुर्ची ओढली आणि जे मनात होतं ते सगळं बोलले. म्हटलं, तुमची ही भक्ती नाही, हा हट्ट आहे. डॉक्टर सांगून थकली, पोरगी रडून थकली. माझ्या बहिणीच्या कपाळावरचं कुंकू तुम्हाला जड झालं आहे का? आणि शेवटी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही सुईले भेता अन् माळेच्या आड लपता."

मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

"भेतो," ते म्हणाले. "पण सुईले नाही."

मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. धाकट्या पोराच्या वेळी बाळंतपणानंतर बाईला ताप चढला होता. गावातून एसटीने तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं, ती कोणाला ओळखत नव्हती. मला तो आठवडा आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होते आणि डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. डॉक्टरांनी आशा सोडली आहे असं घरात कुजबुजत बोलायचे. भाऊजी दवाखान्याच्या पायरीवर बसून असायचे, डबा दिला तर उघडायचेही नाहीत.

"तिथंच बसून बोललो होतो," ते म्हणाले. "हिचा जीव राहू दे, मी जगेन तोवर कोणताच जीव अंगात घेणार नाही. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. आता मी माह्या जिवासाठी तो शब्द मोडला अन् तिले काही झालं तं?"

माळ त्यांनी लगेच घातली नाही. सप्ता होईपर्यंत थांबले, चार लोकांत घातली म्हणजे कोणाला संशय येणार नाही. त्याआधी काही महिने पोट बरं नाही म्हणून मासे टाळले. हे सगळं बायकोपासून लपवायला. मी विचारलं, तिला का नाही सांगितलं इतक्या वर्षांत?

"सांगतलं असतं तं तिनं मच्छी खाल्ली असती का?"

मी साठ पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी बाई. पण मी उगीच कूलरमधलं पाणी बघायला उठले. भाऊजींनी माझ्याकडून शपथ घेतली की बाईला यातलं काही कळता कामा नये. मी घेतली शपथ. आणि माझं जे काय वाईट व्हायचं ते होवो म्हणत तशीच स्वयंपाकघरात गेले आणि बाईला सगळं सांगून टाकलं.

बाई सांभार निवडत राहिली. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. जुडी संपली, देठं वेगळी काढली, पानं फडक्यात गुंडाळली, हात धुतले. मग म्हणाली, "इंदे, संध्याकाळी मच्छी आणून दे. रोहू. चांगली मोठी पाह्यजे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ज्या माणसाने हिच्यासाठी जिभेवर दगड ठेवला तो उद्या मरणाला कबूल होऊन बसलाय आणि हिला मच्छी सुचतेय. पण थोरल्या बहिणीला उलट विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. तणतणत बाजारात गेले आणि आणली. तिने स्वतः मसाला वाटला, स्वतः कालवण केलं आणि गॅलरीत पाट टाकून जेवायला बसली. घाई नाही, गडबड नाही. एकेक काटा काढून, रस्सा ओरपून, शेवटी रोहूचं डोकंसुद्धा तिने सोडलं नाही. भाऊजी बाहेरच्या खोलीत होते. मला हळूच विचारतात कसे, ताजी होती का, बरी जेवली ना ती? मला त्या क्षणी दोघांचाही इतका राग आला की मी उपाशी झोपले.

सोमवारी सकाळी मयुरा तयार होऊन दारात उभी होती. भाऊजींनी सदरा घातला होता, पण तो आमचं मन राखायला. दवाखान्यात येतो, म्हणत होते, डॉक्टरीणबाईंना तोंडाने नाही म्हणून येतो, तेवढी रीत पाळली पाहिजे. तेवढ्यात बाई न्हाऊन बाहेर आली. ओले केस तसेच बांधलेले. ती सरळ भाऊजींच्या समोर जमिनीवर बसली आणि मान खाली घातली.

"काढा ती माळ," ती म्हणाली. "मले घाला."

भाऊजींना काही उमगेना. तिने सांगितलं की इंदीने मला सगळं सांगितलं आहे. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"तुम्ही मले न इचारता मच्छी सोडली," बाई म्हणाली. "मी तुमाले सांगून सोडतो. नवस माह्या जिवाचा होता, तो आता माह्या गळ्यात राह्यते. काल पोटभर जेवली मी. तुम्ही सुई घ्या."

तुला किती आवडते, असं काहीतरी भाऊजी पुटपुटले. मग म्हणाले की नवस असा एकाचा दुसऱ्याला देता येत नसतो, देवाने मानलं नाही तर?

बाईने मान वर केली. तिचा आवाज चढला नाही, पण मी तिला इतकं एका दमात बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "नाही मानलं तं मी मरीन. तुमच्या आंधी मरीन, सवाष्ण मरीन. अन् तुम्ही नाही घेतली सुई तं तुम्ही जासान अन् मी त्या धुऱ्यावर एकटी बसीन. तव्हाही मले नाही इचारलं, आताही नाही इचारून राह्यले. मले काय पाह्यजे ते कोणी इचारलं का?"

मयुरा दाराला धरून उभी होती. बाईने तिच्याकडे वळून विचारलं, पोरी, तू तर खोटं बोलत नाहीस, सांग, त्या औषधात तो जीव आहे का? मयुराने डोळे पुसले आणि सांगितलं की नाही, मोठी आई, त्यात जीव नाही, स्पंजाने फक्त रस्ता दाखवला. दोन दिवसांत पहिल्यांदा पोरीचं खरं बोलणं कामी आलं.

"असता तरी तुह्या मोठ्या बाबाले घ्यावाच लागला असता," बाई म्हणाली आणि पुन्हा मान खाली घातली.

भाऊजींनी माळ काढली. गळ्यावर तिचा पांढरा वण उठला होता, उन्हाने रापलेल्या अंगावर तेवढीच एक फिकट रेघ. घालताना माळ तिच्या अंबाड्यात अडकली. मी पुढे झाले, अंबाडा सोडला, केस बाजूला धरले. मग ती खाली उतरली. बाईने पदर सारखा केला आणि म्हणाली, चला, उशीर होते.

दवाखान्यात भाऊजींना खिडकीजवळची खुर्ची मिळाली. डॉक्टर अदिती येऊन बघून गेल्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या फक्त म्हणाल्या की वेळेवर आलात, बरं केलंत. नर्सने दंडाला पट्टी बांधली आणि शीर शोधायला लागली. शीर सापडेना. एकदा टोचलं, जमलं नाही. दुसऱ्यांदा टोचलं. भाऊजी छताकडे बघत राहिले. बाई शेजारच्या स्टुलावर बसली होती, तिने विचारलं, "दुखून राह्यलं का?"

भाऊजींनी सवयीने मान हलवली, नाही. बाई त्यांच्याकडे बघत राहिली. नजर काढलीच नाही.

"दुखते," भाऊजी म्हणाले. "लय दुखते."

बाईने त्यांचा दुसरा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, सगळ्यांच्या देखत. असं तिने उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. "असंच सांगत जा," ती म्हणाली. भाऊजी रडायला लागले, लहान पोरासारखे, आवाज करून. नर्स घाबरली आणि म्हणाली, काका, झालं, झालं, सुई लागली. बाई तिला म्हणाली, तू तुझं काम कर, रडू दे त्यांना.